मजुरी अडवून धरणारे गिऱ्हाईक आणि कारागिराचा हक्क

मालेगाव तालुक्यातील (नाशिकचे मालेगाव नव्हे, वाशीम जिल्ह्याचे) किन्हीराजा आणि आसपासच्या गावांत धंदा करणाऱ्यांना एक वाक्य तोंडपाठ असते, "सोयाबीन निघू द्या, देतो." शिंपी, सुतार, वेल्डिंगवाला, गाद्या भरणारा, घरी बसून पिको-फॉल करणारी आपा, सर्वांना हेच ऐकावे लागते. बहुतेक लोक खरोखरच सोयाबीन निघाल्यावर पैसे आणून देतात, हे आम्ही कापडाच्या दुकानात बसून वर्षानुवर्षे पाहत आहोत. परंतु सोयाबीन जाते, तूर जाते, गहू-हरभरा घरात येतो आणि तरीही काही जणांचा वायदा संपत नाही. हा लेख या काही जणांविषयी आहे.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. ज्याच्याजवळ नाही तो आणि ज्याच्याजवळ असून जो देत नाही तो, हे दोघे एक नव्हेत. कुरआनने अल-बकरा या सूरहच्या २८० व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत सवड देण्यास सांगितले आहे आणि माफ करणे त्याहून चांगले म्हटले आहे. दुसरीकडे, ऐपत असून देणे लांबविणाऱ्याच्या वागण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम म्हटले आहे. आमच्याकडे नेमके उलट घडते. ज्याची बैलजोडी विकली गेली त्याच्या दारात आम्ही रोज तगादा लावतो, कारण तो खाली मान घालून ऐकून घेतो. आणि ज्याच्या घरावर दुसरा मजला चढतो आहे त्याला "बघा शेठ, जमलं तर" असे म्हणून परत येतो. तगाद्याचा जोर गिऱ्हाइकाच्या ऐपतीकडे पाहून ठरवावा, त्याच्या आवाजाकडे पाहून नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. ज्या मालावर आपण मेहनत केली तो माल आपल्या ताब्यात असेपर्यंत आपली मजुरी सुरक्षित असते. तो हातातून गेला की मजुरीची उधारी होते आणि उधारीच्या मागे फिरावे लागते. ही केवळ व्यवहारातली शहाणपणाची गोष्ट नाही, तो कायदा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० असे आहे की एखाद्याने आपली वस्तू काम करण्यासाठी कारागिराकडे सोपविली आणि कारागिराने ठरल्याप्रमाणे त्या वस्तूवर कष्ट किंवा कसब खर्च केले, तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू आपल्याजवळ ठेवून घेण्याचा त्याला हक्क आहे. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, अर्ज करावा लागत नाही, वकील लागत नाही. कपाटात कपडे ठेवून कुलूप लावणे एवढेच पुरे.

आणि मौज अशी की या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी जे उदाहरण दिले आहे ते शिंप्याचेच आहे. एकाने शिंप्याला कोट शिवण्यासाठी कापड दिले. शिंप्याने कबूल केले की कोट तयार होताच देईन आणि शिलाईसाठी तीन महिन्यांची मुदत देईन. कायदा म्हणतो, अशा शिंप्याला कोट अडवून ठेवता येणार नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ हे उदाहरण कायद्याच्या पुस्तकात आहे आणि आमचे कारागीर भाई रोज तीच कबुली तोंडी देऊन बसतात. माप घेताना गिऱ्हाईक विचारते, "पैशाचं कसं?" आणि कारागीर म्हणतो, "पैशाचं काय, नंतर पाहू." या चार शब्दांनी हक्क गेला. गिऱ्हाईक बुडवे निघाले ते नंतर, हक्क मात्र माप घेतानाच सोडून दिलेला असतो.

म्हणून काम घेताना बोलावयाचे वाक्य ठरलेले असावे: "शिलाई कपडे नेताना." एवढेच. त्यात कडवटपणा नाही, संशय नाही. तेच वाक्य पावतीवर छापून घ्यावे, म्हणजे पाहुण्यालाही तेच आणि पाटलालाही तेच, कोणाला अपमान वाटण्याचे कारण राहत नाही.

या हक्काच्या काही मर्यादाही नीट समजून घ्या, नाहीतर हक्क असूनही गुन्हेगार ठरण्याची पाळी येईल. ज्या वस्तूवर काम केले तिच्याच मजुरीसाठी ती ठेवता येते. गेल्या ईदच्या कपड्यांची शिलाई बाकी आहे म्हणून आज रफू करण्यासाठी आलेली शाल अडविता येत नाही. तसा सर्वसाधारण हक्क कायद्याने बँका आणि आणखी दोन-चार व्यवसायांनाच दिला आहे. काम ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या वेळेत झालेले असावे. लग्न झाल्यावर शेरवानी तयार करून वर ती अडवून बसणाऱ्याची बाजू लंगडी पडते. वस्तू ठेवून घेता येते, पण विकता येत नाही, वापरता तर अजिबात येत नाही. ती अमानत आहे. उंदराने कुरतडली तर जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. आणि गिऱ्हाइकाच्या दारातून त्याची मोटारसायकल किंवा बकरी ओढून आणणे हा हक्क नव्हे, ती चोरी किंवा जबरी चोरी होय.

उलट बाजूही ऐकण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे उदाहरण होते. दुरुस्तीचे पैसे बाकी असताना कारागिराने घड्याळ योग्य रीतीने ठेवून घेतले आणि मालकाने ते त्याच्या ताब्यातून, त्याचे तारण बुडविण्याच्या हेतूने, उचलून नेले, तर स्वतःचेच घड्याळ नेणारा तो मालक चोर ठरतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी चोरीची ही कल्पना बदललेली नाही. तेव्हा "माझाच कोट आहे, मी नेणार" असे दुकानात शिरून म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगता येते.

कापड गिऱ्हाइकाचे नसून आपलेच असेल, तर तो मालविक्रीचा मुआमला होतो आणि १९३० चा मालविक्री कायदा लागतो. त्यातही पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला ताब्यातील माल रोखून धरण्याचा हक्क कलम ४७ ने दिला आहे, आणि थोडा माल देऊन झाला असला तरी कलम ४८ प्रमाणे उरलेला माल रोखता येतो. ही दुसरी गोष्ट आमच्या भागात फार उपयोगाची आहे, कारण येथील शिंप्यांची मोठी ऑर्डर म्हणजे शाळेचा गणवेश.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. सरकारी योजनेत एका विद्यार्थ्याला दोन गणवेशांचे ६०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ या एका वर्षी सरकारने एकसारखे कापड पुरवून शिलाई महिला बचत गटांकडे दिली होती. २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. समजा साठ मुलांची ऑर्डर आहे, म्हणजे १२० गणवेश, ३६,००० रुपये. शिंपी कापड आमच्यासारख्यांकडून उधार उचलतो, काजं-बटणाला दोन माणसे लावतो, रात्री जागून माल तयार करतो आणि सगळे गठ्ठे एकाच दिवशी शाळेत पोचवून येतो. मग ऐकतो, "अनुदान आले नाही." यात कोणी लबाड असतेच असे नाही; अनुदान खरोखरच आलेले नसते. पण ही गोष्ट कारागिराने ऑर्डर घेताना विचारावयाची असते. समितीचा ठराव झाला आहे काय, त्याची प्रत मिळेल काय, समितीचे सचिव असलेल्या मुख्याध्यापकांच्या सहीने लेखी ऑर्डर मिळेल काय, खात्यात रक्कम जमा आहे काय? नसेल तर माल चाळीस-चाळीसच्या तीन गठ्ठ्यांत द्यावा. पहिल्या गठ्ठ्याचे पैसे आल्यावर दुसरा. पहिल्या वर्गाची मुले आधी घ्या, म्हणजे लहानांची आबाळ होत नाही. शेवटचा गठ्ठा हातात असेपर्यंत हिशेब जिवंत राहतो.

आता लिहिण्याविषयी. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाजाविषयी नाही आणि रोजाविषयीही नाही, ती उधारीच्या लिखापढीविषयी आहे. अल-बकराची २८२ वी आयत. मुदतीचे देणे-घेणे असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीच्या व्यवहाराला तेवढी सवलत दिली आहे. पण तिच्यातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष जात नाही. मजकूर कोणी सांगावयाचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. घेणारा सांगणार नाही, देणारा सांगेल आणि लेखक लिहून घेईल.

आम्ही नेमके याच्या उलट करतो. आपल्या वहीत आपणच लिहितो, "अमुककडे बाकी ५,४००", आणि निश्चिंत होतो. न्यायालयात ही वही एकटी पुरत नाही. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुरावा म्हणून दाखविता येते, पण केवळ तिच्या जोरावर कोणावर देणे लादता येत नाही, असे जुन्या पुरावा कायद्याचे कलम ३४ होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ ही तेच सांगते. गिऱ्हाइकाची सही असलेला चतकोर कागद आपल्या शंभर पानांच्या वहीपेक्षा भारी पडतो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, आमचे खाते आजही उर्दूत आहे. ते आमच्यासाठी ठीक. परंतु गिऱ्हाइकाची सही ज्यावर घ्यावयाची ती पावती मराठीत असावी असा आमचा आग्रह आहे. जे आपल्याला वाचता येत नाही त्यावर सही केली, असे उद्या तो म्हणाला तर त्याचे म्हणणे खोटे ठरविणे कठीण जाते; आणि खरे पाहता, न वाचता आलेल्या कागदावर सही घेणे न्यायाचेही नाही.

पावतीवर काय असावे हे शिंप्यांना शिकविण्याची गरज नाही, ते मापाच्या वहीला कापडाचा तुकडा पिन करून ठेवतातच. त्यात आणखी चार गोष्टी वाढवाव्यात: एकूण शिलाई, इसार किती घेतला, बाकी किती आणि ती केव्हा द्यावयाची; खाली गिऱ्हाइकाची सही. मापे त्याच कागदावर असावीत. कारण पैसे न देणारा सहसा "देत नाही" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "खांद्यात ताणतं, पायजमा आखूड झाला." चार महिने कपडे वापरून झाल्यावर त्याला हे आठवते. म्हणून एकदा घालून पाहिले की पावतीवर "घालून पाहिले, बरोबर आहे" असे लिहून सही घ्यावी. घालून पाहताना खरोखर ताणत असेल तर लगेच उसवून द्या, आणि त्याचे पैसे मागू नका.

गेल्या वर्षी आमच्याकडील एका कारागिराने एका लग्नघराचे कपडे शिवले, नवरदेवाची शेरवानी आणि घरच्यांचे सात सूट. शिलाई ६,४०० ठरली, इसार १,००० आला. लग्नाच्या आदल्या दिवशी कपडे अडविणे त्याला बरे वाटले नाही, आणि आम्हीही त्याला तसे करावयास सांगितले नसते. दारात मांडव पडलेला असतो, गावात राहावयाचे असते. पण त्याने एक काम केले. पावतीवर "बाकी ५,४००, लग्नानंतर आठ दिवसांत देईन" असे नवरदेवाच्या वडिलांच्या हाताने लिहून घेतले. आठ दिवसांचे चार महिने झाले. या काळात हाताखालच्या दोघांची मजुरी त्याने घरातून दिली, कारण गिऱ्हाइकाने थकविले म्हणून आपण आपल्या मजुरांना थकवावे असे होत नाही; घाम वाळण्याआधी मजुरी द्या ही शिकवण आपल्यालाही आहे, केवळ आपल्या गिऱ्हाइकाला नाही. शेवटी त्याने एक साधे पत्र लिहिले, पावतीची झेरॉक्स जोडली, पंधरा दिवसांची तारीख घातली आणि पोस्टाने पाठविले. तीन हप्त्यांत पैसे आले. तोंडी तगादा चार महिने ऐकून न घेणारा माणूस स्वतःचे अक्षर पाहून वठणीवर आला.

असे पत्र पाठविताना शिवी, धमकी, "गावभर करीन" असली भाषा टाळावी. कामाची तारीख, रक्कम, कबुली आणि शेवटची तारीख, बस. स्पीड पोस्टने पाठवून पोच घ्यावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. मोबाईलवर "पुढच्या महिन्यात नक्की" असा संदेश आला असेल तर तो पुसू नका. पुढे तो न्यायालयात दाखविता येतो, त्यासोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र मात्र द्यावे लागते.

मुदतीचे भान ठेवा. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मजुरीच्या किंवा मालाच्या पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मजुरीची तीन वर्षे काम पूर्ण झाल्यापासून, मालाची माल दिल्यापासून, आणि पैसे देण्याची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. तगादा लावल्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणे सहीनिशी कबूल केले, किंवा काही रक्कम देऊन तशी सही केली, तर तेथून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणून कोणी पाचशे रुपये टेकवून गेला तरी वहीत त्याची सही घ्या: "पाचशे दिले, बाकी इतके."

पोलिसांत जाण्याचा सल्ला चौकात फुकट मिळतो. पैसे न देणे हा आपोआप गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसविण्याची नीयत होती असे दाखविता आले तरच फसवणूक होते. चेक दिला असेल आणि तो परत आला असेल तर गोष्ट वेगळी. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा. परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस असतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या तारखा चुकल्या तर चांगला मुआमला हातचा जातो, म्हणून चेक परत आला त्याच दिवशी वकिलाकडे जावे.

मोठ्या दुकानदारासाठी, कारखान्यासाठी किंवा संस्थेसाठी काम करणाऱ्या कारागिरांनी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा जाणून घ्यावा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारागिराचे पैसे ठरल्या तारखेला, आणि कितीही मुदत ठरविली तरी ४५ दिवसांच्या आत, काही ठरले नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल पसंत पडला असे धरले जाते, म्हणजे आखूड पायजम्याचे निमित्त तेथे चालत नाही. पैसे अडल्यास सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि परिषदेचा निवाडा उलटवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी मोफत आहे, मात्र ती काम घेण्याआधी करून ठेवावी; नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील कामाला मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना त्याच वर्षी उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. थकबाकीचे हे संरक्षण कारागिराला आहे, व्यापाऱ्याला नाही.

या कायद्यात उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. ते आपल्याला नको, हे उघड आहे. पण व्याजाचे नाव ऐकून कित्येक भाई संपूर्ण दरवाजाच बंद करून घेतात, हे आम्हाला पटत नाही. मुद्दलाची मागणी करता येते आणि तडजोडीत व्याज सोडता येते. हक्काची मजुरी सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लहान रकमेसाठी लोकअदालत सर्वांत सोयीची. दावा दाखल होण्याआधीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, दोघांना बोलावले जाते, तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ येते आणि तिच्यावर अपील नाही. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. बुरख्यांची शिलाई किंवा पिको-फॉल करणाऱ्या आमच्या बहिणींचे दोनशे-तीनशे करत हजारो रुपये मोहल्ल्यात अडकलेले असतात, आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो: देणेकरी वारला तर? वारसा वाटण्याआधी मयताचे देणे चुकते करावयाचे, हा शरीअतचा हुकूम आहे; देशाच्या कायद्यानेही वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरते ते देणे बांधलेले असते. आपल्याकडे जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सांगतो की मरहूमकडे कोणाचे काही घेणे असेल तर आम्हाला भेटावे. त्या वेळी गप्प राहावे. आठ-दहा दिवसांनी मुलाला एकट्याला गाठून वडिलांच्या सहीची पावती दाखवावी. पावती असेल तर मुलगा हुज्जत घालत नाही, उलट ओझे उतरल्यासारखे पैसे देतो. आणि त्याच्याकडेही नसेल, तर अशा वेळी पावतीवर "मिळाले" लिहून ती त्याच्या हातात देणारे कारागीरही आम्ही पाहिले आहेत.